दाढेचा ठणका आणि पुवाची वाट

सोलापूर हे चार भाषांचे शहर आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी येथे एकाच गल्लीत ऐकू येतात. शहराच्या दक्षिणेला, विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या दरम्यान वाढलेल्या जुळे सोलापुरातही हीच सरमिसळ उतरली आहे. तेथल्या एखाद्या दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या चौघांनी आपापल्या घरच्या भाषेत दुखणे सांगितले, तर मराठी माणूस 'दाढ किडली' म्हणेल, कन्नड बोलणारा 'हुळुकु हल्लु' म्हणेल, तेलुगू घरातली बाई 'पुच्चु पन्नु' म्हणेल आणि दखनी बोलणारा 'दाढ को कीडा लगा' असे सांगेल. मराठीतल्या 'किडणे' या क्रियापदातच कीड आहे. कन्नडमध्ये 'हुळु' म्हणजे किडा. तेलुगूत 'पुच्चु' हा शब्द अळी पडलेल्या वांग्यालाही लावतात. दोन भाषाकुळांतल्या या चारही भाषांनी दातात किडा बसवून ठेवला आहे.

या किड्याने दाताच्या दुखण्याविषयीचा आपला विचार कसा घडवला, हे पाहण्यासारखे आहे. दात किडण्याने माणूस मरत नाही. जिवावर बेतते ते किडीच्या वाटेने आत शिरून मुळाशी धरलेले गळू. या गळवाची दोन अंगे आहेत : ठणका आणि पू. ठणका माणसाला रात्रभर जागवतो, म्हणून सगळे उपाय त्याच्याभोवती जमा झाले. पू मात्र पुष्कळदा मुकाट असतो. ठणका थांबवणे आणि पू काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे वैद्यकाला फार पूर्वी उमगले होते. तरी लोकव्यवहारात ते आजही पुरते उतरलेले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही तफावत आहे.

धुरीतला किडा

दातातल्या किड्याची कल्पना फार जुनी आहे. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर कोरलेल्या एका मंत्रात किडा देवांकडे तक्रार घेऊन जातो आणि फळे नाकारून दात व हिरडी यांच्यामध्ये राहायला जागा मागतो. ही वीट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. युरोपात मध्ययुगापासून खुरासनी ओव्याच्या जातीच्या वनस्पतीचे बी निखाऱ्यावर टाकून तिचा धूर तोंडात घेत. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेत. धुरी झाल्यावर भांड्यात पांढऱ्या बारीक अळ्या पडलेल्या दाखवल्या जात. युरोपातल्या चिकित्सकांनी पुढे बारकाईने पाहिले तेव्हा त्या अळ्या म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतले कोंब असल्याचे आढळले. पॅरिसचा दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ साली दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने सूक्ष्मदर्शकाखाली शोधूनही दातात किडा सापडला नाही असे नोंदवले.

मग इतकी शतके लोकांचा धुरीवर विश्वास का बसला? याचे उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. दाताच्या कठीण कवचाच्या आत जिवंत गर असतो; त्याला दंतमज्जा म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. कीड तेथपर्यंत पोचली की गर सुजतो. बाहेरून कवच कठीण असल्यामुळे सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून असह्य ठणका लागतो. काही दिवसांनी तो गर मरतो. मेलेल्या गराला दुखत नाही. नेमकी त्याच सुमारास धुरी घेतली असेल, अक्कलकारा चघळला असेल किंवा लवंगेचे तेल लावले असेल, तर गुण त्या उपायाचा ठरतो. प्रत्यक्षात दाताच्या पोटात आता रक्ताभिसरण नसलेली, सडू लागलेली पोकळी उरलेली असते. तिच्यातून जंतू मुळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून जबड्याच्या हाडात उतरतात. काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनीसुद्धा, तेथे पू धरतो. दुखणे थांबले तो दिवस म्हणजे पुष्कळदा गळवाचा पहिला दिवस असतो.

खरा 'किडा' सापडायला एकोणिसावे शतक संपत आले. विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये काम करत असे. १८९० साली त्याने तोंडातील सूक्ष्मजंतूंवर ग्रंथ लिहिला. जंतू अन्नातल्या साखरेपासून आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरते, अशी त्याची मांडणी होती. गळवाबाबतचा निर्णायक पुरावा १९६५ साली अमेरिकेत मिळाला. काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढा कोरून आतला गर उघडा पाडला. नेहमीच्या वातावरणातल्या उंदरांचा गर मेला आणि मुळाशी गळवे झाली. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांचा गर मात्र जिवंत राहिला आणि जखम भरून आली.

सुश्रुताची नाडी

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळावा अध्याय मुखरोगांचा आहे. त्यात दातांचे आठ रोग सांगितले आहेत आणि दातांच्या मुळाशी होणारे पंधरा रोग वेगळे सांगितले आहेत. दातांच्या आठांत 'कृमिदंतक' आहे. म्हणजे किडा येथेही आहे. पण मुळाच्या पंधरांपैकी पाच रोगांना सुश्रुताने 'नाडी' म्हटले आहे. ही मनगटावरची नाडी नव्हे. नाडी म्हणजे पुवाने आतून बाहेर खणलेली अरुंद वाट. बोलीत आपण तिला नासूर म्हणतो. किडलेला दात आणि मुळाशी पू वाहणारी वाट या दोन वेगळ्या अवस्था आहेत, त्यांचे उपचारही वेगळे आहेत, हे या वर्गीकरणातून दिसते.

चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायातला उपचार निःसंदिग्ध आहे. ज्या दाताशी नाडी निघाली असेल तो दात काढावा, मांस शस्त्राने छेदून वाट साफ करावी आणि क्षाराने किंवा अग्नीने ती डागावी. त्या दाताकडे दुर्लक्ष केले तर नाडीची गती जबड्याचे हाड भेदते, असा इशाराही तेथे आहे. वाटेचा माग काढण्यासाठी 'एषणी' नावाची सळई होती. सुश्रुताच्या वीस शस्त्रांच्या यादीत एषणीच्या शेजारी 'दंतशंकू' हे दाताचे हत्यारही येते.

पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात पोखरलेल्या दातासाठी आणखी एक उपाय सांगितला : पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून तापल्या सळईने डागावी, किंवा सातवीण व रुई यांच्या चिकाने भरावी. डागण्याने आतला दुखरा गर जळून जात असला पाहिजे. आज मुळाची नळी साफ करून ती गटापर्चाने भरतात, आणि गटापर्चा हाही मलायातल्या झाडाचा चीक आहे. या योगायोगावरून आधुनिक उपचार आपल्याकडे आधीच होता असा दावा करणे चूक ठरेल. वाग्भटापाशी मुळाच्या टोकापर्यंत पोचण्याचे साधन नव्हते आणि जंतूंची कल्पना नव्हती. मात्र पोकळी उघडी ठेवू नये हे त्याला कळले होते.

वरचा दात आणि डोळा

नाडीचा दात काढावा, या सुश्रुताच्या नियमाला एक अपवाद आहे : तो दात वरचा नसेल तर. घट्ट बसलेला वरचा दात मुळासकट उपटला तर अतिरक्तस्राव होऊन माणूस काणा होतो, त्याला अर्दित म्हणजे तोंड वाकडे होण्याचा विकार जडतो. म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्याने काढू नये, असे तेथे बजावले आहे.

'वरची दाढ काढली की डोळा जातो' ही समजूत महाराष्ट्रात आजही घराघरांत आहे. ज्यांनी संहितेचे नावही ऐकलेले नाही तेही ती सांगतात. ती ग्रंथातून लोकांत आली की लोकानुभवातून ग्रंथात गेली, हे ठरवता येत नाही. शरीररचनेच्या दृष्टीने ती खरी नाही. दृष्टीचा मज्जातंतू आणि दातांचा मज्जातंतू वेगळे आहेत. दाढ काढल्याने नजर कमी होत नाही.

तरीही या समजुतीमागे एक खरे निरीक्षण असावे, असे मला वाटते. वरच्या सुळ्याच्या मुळाशी झालेल्या गळवाचा पू वर सरकला की गाल आणि डोळ्याखालचा भाग सुजतो, डोळा मिटतो. चेहऱ्याच्या शिरा कवटीच्या तळाशी, डोळ्यांच्या मागे असलेल्या शिरांच्या जाळ्याला जोडलेल्या आहेत. जंतू तेथे पोचून रक्त गोठले तर डोळा बाहेर येतो, नजर जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. जुन्या काळी लोक दात काढायला तयार होत ते अगदी शेवटी, सूज डोळ्यापर्यंत चढल्यावर. मग दात काढला आणि डोळाही गेला, तर दोष काढण्याला लागला. खरा दोष उशिराचा होता. या समजुतीचा परिणाम मात्र उलटा झाला. डोळ्याला जपण्यासाठी लोकांनी वरचा सडका दात ठेवून दिला, आणि डोळ्याला खरा धोका त्या दाताकडूनच होता.

वेदनेचा अडसर

उपाय ठाऊक असूनही तो का केला जात नसे, याचे दुसरे उत्तर सरळ आहे : भीती. पुवाने ताणलेल्या हिरडीवर शस्त्र चालवणे किंवा ठणकता दात उपटणे भूल नसताना भयंकर होते. भुलीच्या इतिहासात दंतवैद्य पुढे आहेत ते यामुळेच. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने १८४४ साली हास्यवायू वापरला. विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ३० सप्टेंबर १८४६ रोजी ईथर देऊन एका रुग्णाचा दात काढला. १८८४ साली कार्ल कोलरने डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरून जागेवरची भूल शक्य करून दाखवली. १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. आज दवाखान्यात हिरडीत जी सुई टोचतात तिच्यात बहुधा हेच औषध असते.

त्याच सुमारास क्ष-किरण आले. रंटगेनचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरातला. पुढच्या जानेवारीत जर्मनीतल्या ओटो वाल्कहोफने दातांचे पहिले क्ष-किरण चित्र घेतले. मुळाच्या टोकाशी हाड झिजल्याची काळी सावली आता दिसू लागली. न दुखणारे गळू पहिल्यांदाच डोळ्यांना दिसले.

दिसू लागल्यावर अतिरेकही झाला. १९१० साली विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरने मॉन्ट्रियल येथे भाषण करून दातांतल्या पुवाला अनेक आजारांसाठी जबाबदार धरले. मग संधिवातापासून मनोविकारांपर्यंत कशावरही उपाय म्हणून धडधाकट दात उपटण्याची लाट आली. ती ओसरायला तीसेक वर्षे लागली.

भारतात दंतवैद्यकाचे शिक्षण उशिरा सुरू झाले. डॉ. आर. अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ चा. सोलापुरात वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली निघाले, आणि आता शहराजवळ केगावला दंत महाविद्यालय आहे. तोवर आणि त्यानंतरही पुष्कळ काळ दाढदुखीचा पहिला सल्ला घरातल्या म्हातारीचाच असे.

पू रक्तात उतरतो तेव्हा

जर्मन वैद्य लुडविग याने १८३६ साली एका भयंकर सुजेचे वर्णन केले. जिभेखाली आणि हनुवटीखाली लाकडासारखी कडक सूज येते, जीभ वर उचलली जाते आणि श्वास कोंडून रुग्ण दगावतो. आज हा रोग लुडविगच्याच नावाने ओळखला जातो. त्याचे मूळ बहुतेक वेळा खालच्या मागच्या दाढेच्या गळवात असते. प्रतिजैविकांपूर्वी अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक मरत.

पुवापुढे त्या काळचे वैद्यक किती हतबल होते, याची एक आठवण सोलापूरच्या एका सुपुत्राच्या चरित्रात आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. १९३८ साली ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तेथे ज्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते पुढे प्रमुख झाले ते कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून १९३९ च्या नोव्हेंबरात वारले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळली आणि विष रक्तात भिनले. बोटाच्या जखमेने जे झाले तेच दाताच्या मुळाशी झालेल्या जखमेनेही होत असे. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिन पहिल्यांदा गंभीर रुग्णाला दिले गेले. तो रुग्ण सुधारत असतानाच औषध संपले आणि तो गेला.

महाराष्ट्रात पेनिसिलिनचा इतिहास पिंपरीत घडला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९५५ साली उत्पादन सुरू झाले. जिवावरची सूज आता औषधाने आवरू लागली. ही क्रांतीच होती. पण तिने ठणका आणि पू यांची जुनी गल्लत पुन्हा जिवंत केली.

गोळीची धुरी

मेलेल्या दाताच्या पोटात रक्त फिरत नाही. औषध रक्तातून जाते. म्हणजे प्रतिजैविक भोवतालच्या मांसातले जंतू मारते, सूज उतरवते; पण जंतूंचे घर असलेल्या पोकळीत ते पोचतच नाही. पाच दिवसांची गोळी संपते, गाल पूर्ववत होतो, माणूस खूश होतो. तीन महिन्यांनी तीच दाढ पुन्हा उठते. मग औषधाच्या दुकानातून मागचीच गोळी येते. भुईरिंगणीच्या धुरीत आणि या गोळीत औषध म्हणून जमीन-अस्मानाचा फरक आहे. फसगत मात्र एकाच जातीची आहे. दोन्ही वेळा दुखणे थांबले म्हणून रोग गेला असे मानले जाते.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. ताप, अंग मोडून येणे अशी सूज पसरल्याची लक्षणे नसतील, तर निरोगी प्रौढाच्या दातदुखीसाठी व स्थानिक सुजेसाठी प्रतिजैविक देऊ नये, दातावर प्रत्यक्ष उपचार करावेत, असा त्यांचा आशय आहे. त्याच वर्षी जगभरात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मेली, असा अंदाज पुढे लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज विनाकारण घेतलेली गोळी उद्या खरोखर लागेल तेव्हा निकामी ठरू शकते.

ओळखायचे कसे, करायचे काय

इतिहासाने शिकवलेले व्यवहारात आणायचे तर खुणा ठाऊक हव्यात. दाढ रात्री ठणकते. गरम चहाने कळ वाढते आणि थंड पाणी तोंडात धरले की बरे वाटते. ती दाढ शेजारच्यांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटते, दात दातावर टेकवला तरी कळ येते. हिरडीवर पुटकुळी येते. ती फुटून तोंडात खारट, घाणेरडी चव आली की ठणका एकदम उतरतो. हीच सुश्रुताची नाडी. ती फुटणे म्हणजे बरे होणे नव्हे, पुवाला वाट मिळाली इतकेच. आजचा दंतवैद्य त्या छिद्रातून गटापर्चाची बारीक काडी आत सरकवून क्ष-किरण चित्र घेतो. काडीचे टोक दोषी दाताच्या मुळाकडे बोट दाखवते. एषणीचेच हे काम. गळू अगदी नवे असेल तर हाड झिजलेले नसते आणि चित्रात काही दिसत नाही. म्हणून दातावर ठोकून आणि थंडाचा स्पर्श देऊन पाहणेही आवश्यक असते.

उपचार दोनच आहेत : पुवाला वाट करून देणे आणि मूळ कारण काढणे. हिरडीला चीर देऊन किंवा दात वरून कोरून पू काढतात. त्यानंतर मुळाची नळी साफ करून भरतात, म्हणजेच रूट कॅनॉल करतात. दात वाचण्यासारखा नसेल तर तो काढतात. घरी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात. गालाला बाहेरून शेक देऊ नये, पुटकुळी सुईने फोडू नये. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये, तिने हिरडी भाजते. ताप आला, तोंड उघडेना, गिळवेना, श्वास लागला, सूज हनुवटीखाली उतरली किंवा डोळ्याकडे चढली, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे. मधुमेह असेल तर हा निर्णय आणखी लवकर घ्यावा. २००७ साली अमेरिकेत, मेरीलँड राज्यात, १२ वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दातातले जंतू मेंदूत पोचून गेला. श्रीमंत देशातही वेळेवर दात न काढल्याची किंमत ही अशी.

हजार विड्या आणि एक दाढ

सोलापूरच्या गिरण्यांची सुरुवात १८७७ च्या जुन्या गिरणीपासून धरतात. गिरण्या बंद पडत गेल्या आणि अनेक घरांचा भार विड्या वळणाऱ्या बायकांवर आला. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने ठरते. रूट कॅनॉलसाठी दोन-तीन खेपा घालायच्या म्हणजे तितक्या दिवसांच्या विड्या कमी. दुखऱ्या दाढेला मिश्री लावली की जागा काही वेळ बधिर होते आणि सूप पुन्हा मांडीवर घेता येते. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही पूड रोज घासून हिरडी मागे सरते, मुळे उघडी पडतात. कर्करोगाचा धोका तर आहेच. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून तंबाखू आणि मुखकर्करोग यांची पाहणी १९७२ साली प्रसिद्ध केली होती.

अशा घरात 'दुखते पण चालते' हा रोगाचा टप्पा नसतो, घरखर्चाचा हिशोब असतो. त्या बाईला अज्ञानी म्हणून चालणार नाही. दुखणे थांबवणारी वस्तू दुकानात दोन रुपयांना मिळते आणि पू काढणाऱ्या उपचाराला दिवस मोडावा लागतो, तोवर ती पहिलीच निवडणार. दंतोपचार वस्तीजवळ, कामाची वेळ टाळून आणि परवडेल अशा दरात मिळाला, तर हे गणित बदलेल.

जुळे सोलापुरातला दवाखाना आणि जुन्या शहरातली विडी कारखान्याची गल्ली यांच्यात अंतर थोडक्या मैलांचे आहे. एकीकडे क्ष-किरण यंत्र, भूल आणि मुळाची नळी साफ करणारी निकेल-टायटॅनियमची सुई आहे. दुसरीकडे मिश्रीची डबी आणि मागच्या वेळची उरलेली गोळी आहे. चारही भाषांतला किडा आता कोणी खरा मानत नसेल. शब्द राहतील, राहोत. ठणका थांबला की दवाखान्याची फेरी रद्द करण्याची सवय मात्र जायला हवी. ज्या दिवशी दुखायचे थांबते, त्याच दिवशी दाढ दाखवायला जावे.